एक वाजताचा भोंगा

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेल्यामुळे डोळ्याला भिंग लावल्याशिवाय भिंगकाकांना जगातलं काहीच खरं वाटत नसे. ती लाल, दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी घरी आणली तेव्हाही आधी भिंग लावून तिचा एक स्क्रू पाहिला.

"ओरिजिनल आहे!"

"स्क्रू आहे. बाकीची गाडी कुठाय?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. एक सीट नव्हती, आरसा नव्हता, भोंगा नव्हता. सोमवारी जुन्या गाड्यांच्या क्लबचे तपासनीस येणार होते आणि एक जरी भाग परका निघाला, तरी अस्सलपणाचा दाखला मिळणार नव्हता. काकांना तर त्या दाखल्यापायी जेवण गोड लागेना.

गाडीचे आधीचे मालक दातांचे डॉक्टर. निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नव्हती. कुणी काही मागितलं की गाडीतून उपटून देत. सीट न्हाव्याच्या दुकानात सापडली, तिच्यावर डुलक्या काढणाऱ्या गिऱ्हाइकासकट. आरसा शिंपिणीकडे निघाला.

"आणि भोंगा?"

"तो तर तुमच्या वहिनींनीच नेला," डॉक्टर म्हणाले.

काकांनी कपाळावर हात मारला. बारा वर्षं दर रविवारी ते दादांकडे जेवत होते. थोरले दादा मागच्या खोलीत खुर्च्या विणत बसत. कानांनी अधू, स्वभावाने त्याहून. वहिनींनी खिडकीतल्या पितळी भोंग्याचा रबरी फुगा दाबून 'पोंऽऽक' केलं, तरच ते जेवायला उठत.

"भोंगा नेलात तर ह्यांना काय कॉलर धरून आणू, भावजी?" वहिनी म्हणाल्या.

"मी रोज एक वाजता गाडी दारात आणून वाजवीन ना!"

"शुक्रवारी करून दाखवा. हे आले तर भोंगा तुमचा. नाहीतर मुकाट्याने खिडकीत परत."

काकांनी गाडीला भोंगा जोडला, चाकं स्वतः बसवली. घड्याळाचा स्क्रू आवळायचा नसतो, दोन बोटांनी समजवायचा असतो, ही त्यांच्या गुरूंची शिकवण. चाकांच्या नटांनाही त्यांनी तसंच समजावलं.

शुक्रवारी, एक वाजायला चार मिनिटं कमी असताना, दादांच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाक त्यांना मागे टाकून पुढे गेलं.

"कुणाचं हो हे?" काका म्हणाले, आणि गाडी एका कुशीवर बसली.

"तुमचंच. ओरिजिनल," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

दादांचं दार साठ पावलं लांब होतं. एक वाजला. काकांनी जीव खाऊन फुगा दाबला. पोंऽऽक! एक कुत्रं आलं. पोंऽऽक! न्हावी आला. दादा काही येईनात. काकांचा चेहरा उतरला. पाचव्या पोंऽऽकला दार उघडलं आणि दादा ओले हात झटकत चालत चालत थेट गाडीपाशी आले. आत डोकावून म्हणाले, "काय केलंय आज?"

मागोमाग वहिनी धावत आल्या. "साठ पावलं! अहो, ह्यांचे हृदयाचे डॉक्टर तीन वर्षं चाला म्हणून कानीकपाळी ओरडताहेत, तर हे पायरी उतरत नाहीत! भोंगा तुमचा, भावजी. पण उद्या टपालकचेरीपाशी उभे राहा."

"आणि परवा?"

"परवा पाण्याच्या टाकीशी. जेवण मी डब्यात देईन."

संध्याकाळी मेकॅनिकने पाना घेऊन नट करकचून आवळले. काकांना ते बघवेना. ते पाठ करून उभे राहिले.

सोमवारी तपासनिसांनी गाडी खालून, वरून, आडवं पडून पाहिली. भोंग्यावरचा नंबर वहीशी ताडून पाहिला आणि दाखल्यावर सही केली. मग जरा लाजत म्हणाले, "एक चक्कर मारायची का?"

काकांनी घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता.

"बसा, बसा," ते घाईघाईने म्हणाले. "हा डबा तेवढा मांडीवर धरा. सांभाळून हं, आमटी आहे."