सीटवर न ठेवलेली पिशवी

नांदेड-लातूर एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत लेकीसाठी घेतलेल्या बांगड्या होत्या. मी न विचारताच त्यांनी उघडून दाखवल्या.

अहमदपूरला गाडी चहाला थांबली. आमच्याकडं सीटवर पिशवी ठेवून उतरलं की जागा आपलीच राहते. मी माझी ठेवली. ते मात्र पिशवी घेऊनच उठले.

"चाचा, राहू द्या की. जागा जाईल."

तेवढ्यात स्टँडच्या भोंग्यावर सरकारी सूचना लागली. कट्टरवाद्यांपासून सावध राहा, बेवारस वस्तू दिसल्यास पोलिसांना कळवा.

ते हसले. "सूचना वाजबी हाय, बेटा. आमाला बी जीव हायच की. पण ती वाजली की लोक पयले माझ्याकडं बघतात."

परतलो तर त्यांच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं. मी माझी जागा देऊ केली, त्यांनी ऐकलं नाही. पिशवी छातीशी धरून ते लातूरपर्यंत उभे राहिले.

माझी पिशवी चहा होईस्तोवर खिडकीशी एकटीच बसून होती. ती कुणाची, हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.