एक घर राहिलं

बहिणीची हळद आठवली की मला आधी आवाज ऐकू येतो, माणसं नंतर दिसतात. वैशाखातली कलती दुपार, मोहाची सावली अंगणात लांबत चाललेली, आणि कुंपणापलीकडून येणारा काकीचा आवाज. बाकीचं सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं हलत राहतं.

शेणव्याच्या अलीकडं आमचं गाव. आमच्या आणि काकांच्या घरामध्ये कारवीचं कुंपण आहे, कमरेएवढंच. पंचायतीच्या मागच्या निवडणुकीनंतर ते उगाचच उंच वाटायला लागलं. एका पक्षाच्या साहेबांनी काकांच्या दारात बोअरिंग मारून दिलं. दुसऱ्या पक्षाच्या साहेबांनी आमच्या दारापर्यंत काँक्रीटचा रस्ता कबूल केला. बोअरिंगवर त्यांच्या साहेबांचं नाव, म्हणून आम्ही लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचो. बाबा आणि काका सख्खे भाऊ, पण बोलेनासे झाले.

काकी गावची धवलारीण. लग्नात धवळे म्हणून देवांना, पितरांना आणि भावकीतल्या एकेका घराला मांडवात बोलावणारी बाई. बहीण लहानपणी तिच्या मांडीवर निजत ती गाणी ऐकायची. लग्न ठरल्यावर तिनं एवढंच मागितलं, "माझ्या हळदीला काकीच पायजे."

मांडव, खुर्च्या, डीजे, सगळं आमच्या रस्तेवाल्या साहेबांकडून आलं. दारावर बॅनर लागला. त्यात हात जोडलेले साहेब केवढे तरी, आणि नवरा-नवरी पासपोर्टच्या फोटोएवढे. काकांना बाबांनी पत्रिका पाठवली ती मोबाइलवर. आमच्याकडं भावकीचं आमंत्रण म्हणजे घरच्या कर्त्यानं दारात जाऊन हळदीचे तांदूळ हाती द्यायचे. त्याशिवाय सख्खा भाऊही येत नाही. बाबांना हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

"त्या दारात मला कोनी बघितला त रस्ता गेलाच समज," ते मला म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

बहिणीला हळद लागली. हळद लागलेल्या नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. ती पाटावर बसून नुसती कुंपणाकडं बघत होती. डीजेवाला जेवायला गेला, तेव्हा कुठं कानाला जरा आराम पडला, आणि पलीकडून धवळा ऐकू आला. काकी आपल्याच ओट्यावर बसून म्हणत होती. बोलावल्याशिवाय यायचं नाही, पण म्हटल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

गावदेवी झाली, म्हशाच्या जत्रेचा देव झाला, आजे-पणजे झाले. मांडवातल्या बाया बोलायच्या थांबल्या. मग गाण्यात खालच्या आळीपासून एकेक घर यायला लागलं. कोण कुठल्या पक्षात, याचा त्या गाण्याला पत्ताच नव्हता. मला वाटलं, मी कितीतरी वर्षं मागं गेलोय आणि सगळी दारं उघडी आहेत. अख्खी भावकी झाली. उरलं फक्त तिचं स्वतःचं घर. ते तिनं घेतलं नाही. क्षणभर थांबली आणि पुन्हा गावदेवीपासून सुरू केलं.

"बाबा," बहीण म्हणाली, "एक घर ऱ्हायला."

बाबा बॅनरकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी ताटातले तांदूळ मुठीत घेतले आणि कुंपणाच्या चार काठ्या बाजूला सारून पलीकडं गेले. काकीनं गाणं न थांबवता पदर पसरला. या खेपेला शेवटी तिनं आपलं घर घेतलं. मी रडलो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

साहेब फोटोला आले तेव्हा काकी मांडवात नवरीजवळ बसली होती, आणि बाबा काकांच्या ओट्यावर चहा पीत होते. साहेबांनी थोडा वेळ वाट बघितली आणि ते निघून गेले.

आमचा रस्ता झाला नाही. आणलेली खडी वरच्या आळीत गेली. पावसाळ्यात बहीण माहेरी येते ती चिखल तुडवत, आणि आमच्या दारात यायच्या आधी पाय धुवायला काकांच्या बोअरिंगवर जाते.