व्याह्यांच्या कपाटातला मुद्देमाल

ती घटना आठवली की आजही हसू येतं. निवृत्तीनंतरची माझी एकमेव केस, आणि आरोपी कोण, तर मुलीचे सासरे!

आम्ही दोघे व्याही शारजाला मुलीकडे मुक्कामाला होतो. ते रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, अत्यंत सज्जन. खबर मुलीनंच दिली. "बाबा, अण्णांच्या कपाटाला आठवडाभर कुलूप आहे. खोलीत पावासारखा वास येतो. बघा ना जरा. पण पोलिसासारखं विचारू नका हं!"

वासावरूनच ओळखलं. हातभट्टीचं रसायन ओतून देण्यात माझी उमर गेली. शारजात दारूला सक्त बंदी. सापडलं असतं तर जावयाची नोकरी, व्हिसा, पोरीचा संसार, सगळं खलास.

आता मुलीचा बाप मी, व्याह्यांना दरडावणार कसा? दोन कप चहा घेऊन समोर बसलो आणि गप्प राहिलो. गप्प बसलेल्या पोलिसापुढे सज्जन माणूस पाच मिनिटं टिकत नाही.

"साहेब, बिअर आहे," ते पुटपुटले. "लागर, म्हणजे थंडीत मुरणारी. म्हणून एसीच्या थंडाव्यात मुरवली. गॅस धरावा म्हणून बाटलीत दोन-दोन चमचे साखर घातली."

"दोन?"

"एकानं फेस कमी आला तर?"

कपाट उघडायला लावलं. सोड्याच्या बारा प्लास्टिक बाटल्या. एक दाबून पाहिली, तर दगडासारखी कडक, बूड फुगलेलं.

"अहो सर, बाँब आहेत हे!" माझा आवाज चढलाच. तेवढ्यात बाटलीवरची चिठ्ठी दिसली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'एकसष्टीला उघडणे'. "कोणाची एकसष्टी?"

"तुमची," ते मान खाली घालून म्हणाले. "लग्नात दिवसभर हात जोडून उभे होतात, सगळ्यांच्या शेवटी जेवलात. मी मुलाचा बाप म्हणून बसून होतो. मनाला लागलं हो ते. तुम्हाला बिअर आवडते म्हणून कळलं, म्हटलं एकदा स्वतःच्या हातानं काही करावं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही बाथरूममध्ये एकेक बूच हळूहळू सैल केलं, तरी फेस छताला लागला. दोघे म्हातारे नखशिखांत भिजलो आणि पोट धरून हसलो. मुद्देमाल नष्ट, पंच कोणी नाही! जावई घरी आला तेव्हा फक्त फिनाइलचा वास होता.

'का केलंस?' हा प्रश्न मी नोकरीभर विचारला, पण कागद भरण्यापुरता. उत्तर नीट ऐकायला या केसनं शिकवलं.

एकसष्टीला व्याह्यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि उभं राहून लिंबूसोडा वाढला. मुलीचा बाप असूनही मी उठलो नाही.