बुवांचं निरूपण

बुवा निरूपणाला बसले की आधी ओवी म्हणत नसत. समोर बसलेल्या कोळ्यांना विचारत, "आज काय मिललं?" कोणी मांदेली सांगे, कोणी कोलंबी. तिथूनच ते देवाकडे निघत. स्वतः माळकरी; मासळी कधी तोंडाला लावली नाही.

"बुवा, पापलेट सांगितलं का देव लवकर भेटतंय, मांदेली सांगितली का रात होते," मासळी विकणारी कमळीआत्या टोमणा मारी.

"मांदेलीला काटं जास्त, बाय. वेल लागनारच," बुवा म्हणत.

बुवा माझे थोरले काका. अलिबागजवळच्या आमच्या कोळीवाड्यात त्यांच्या बोलण्याला कोणी 'प्रवचन' म्हटलेलं त्यांना खपत नसे. एकदा देवळाच्या फळ्यावर कोणी तसं लिहिलं, तर ओल्या फडक्याने पुसून त्यांनी 'निरूपण' लिहिलं. मी तेव्हा कॉलेजात होते. शब्दकोश पाहून त्यांना सांगितलं, "निरूपण म्हणजे रूप उलगडून दाखवणं."

"म्हंजे हाय तेवढंच दाखवायचं," ते म्हणाले. "वाढवलं का भाषन झालं."

माणूस गेल्यावर दहाव्याच्या संध्याकाळी त्याच्या घरी बुवांचं निरूपण होई. त्या घराची होडी त्या दिवशी समुद्रात जात नसे. गेलेल्याचा खोटा गौरव बुवांनी कधी केला नाही. काकी गेली तेव्हाही तेच पाटावर बसले. "भाजीत मीठ जास्त टाकायची. मी रोज कुरकुरायचो," एवढं बोलले आणि थांबले. तरी बराच वेळ कोणी उठलं नाही.

मग घशाच्या दुखण्यात त्यांचा आवाज गेला. शेवटच्या भेटीत त्यांनी मला जवळ ओढलं आणि कुजबुजले, "माजं निरूपन तू कर, बाय. माजा देव नको करू." चार माणसांत मला बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मी होकाराची मान हलवली.

पाऊस सरता सरता ते गेले. दहाव्याला अंगण भरलं होतं. मी त्यांच्या पाटावर बसले आणि मनाशी जुळवून आणलेलं सगळं विसरले. समोर बसलेली माणसं वाट पाहत होती. शेवटी विचारलं, "आज काय मिळालं?"

रिवाजाप्रमाणे फक्त आमची होडी बांधलेली असायला हवी होती; बाकीच्या समुद्रात जाऊन आल्या असतील, असं मी धरून चालले होते.

कमळीआत्याने पदराने डोळे पुसले. "काय मिलनार, बाय? आज एक पन होडी गेली न्हाय."

मी तिथूनच सुरुवात केली.