पायताण काढा, पावणं

शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये रेसची गाडी घेऊन कुणीही आलं, की शिवाप्पा मिस्त्रींचं पहिलं वाक्य ठरलेलं. "पायताण काढा, पावणं. अनवाणी चालवून दावा. बुटातनं गाडी काय कळतीया, कप्पाळ!" मोठमोठ्या घरची पोरं लाजत बूट काढायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही छोट्या गाड्या मातीत पळवायचो. इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना. वळणावर आतलं चाक हलकं झालं, की सगळी ताकद तिथंच भिरभिरत वाया जायची. मिस्त्रींनी स्वतः प्लेटा कातून दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनवला. मग माती धरलेल्या चाकालाही ताकद मिळायची आणि गाडीचं तोंड वळणात खेचलं जायचं. तो पहिला त्यांनी माझ्या गाडीत बसवला. "चाकाला अक्कल मी दिलीया," ते म्हणाले, "पायाला तू दे. वळणात ॲक्सिलरेटर झटक्यानं सोडलास, तर मागची बाजू फुडं येतीया बघ."

एका कंपनीच्या संघाचा मॅनेजर मला बघायला आला, त्या दिवशी मी नवेकोरे रेसिंगचे बूट घातले होते. मिस्त्री म्हणाले, "काढ की ते." मी खेकसलो, "मिस्त्री, चारचौघांत शोभा नको!" बुटांसकटच गाडी काढली. तिसऱ्या वळणावर घाबरलो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यानं उचलला. गाडी गिरकी घेऊन पालथी झाली. मला साधं खरचटलंही नाही.

मॅनेजर धावत आला. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री बोलले, "पोराची चूक न्हाय, सायेब. माझ्याच प्लेटा अडकल्या."

मी गप्प बसलो. नालायकासारखा गप्प बसलो.

मला संघात घेतलं आणि दोन हंगामांत काढूनही टाकलं. पण मिस्त्रींच्या प्लेटा अडकतात, ही बातमी गावभर झाली. रेसवाले शेडकडं फिरकेनात. इतका कसबी माणूस पंपांचे शाफ्ट कातत म्हातारा झाला. एकदा धीर करून विचारलं, तसं का बोललात? म्हणाले, "मला हात हायत, दुसरं काय बी करीन. तुझी एकच संधी हुती की."

ते गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरी गेलो. दारात बूट काढत होतो. मिस्त्रींच्या बायकोनं, काकूंनी, आतून तोच, त्या दिवशी माझ्या गाडीतनं काढलेला डिफरन्शियल आणून माझ्यापुढं ठेवला. फडक्यात गुंडाळून इतकी वर्षं जपलेला.

"उघडून बघ. एक बी प्लेट अडकल्याली न्हाय. मला त्यांनी तवाच सांगितलंतं. तू कवा सांगणार हैस?"

अंगणात सगळी जुनी रेसवाली मंडळी उभी होती. मी डिफरन्शियल उचलला, पुन्हा फडक्यात गुंडाळला, आणि तेव्हाही गप्पच बसलो.