वाकवलेली पेनी

रविवार, संत लूकचा दिवस, सन १२४८. वारा उत्तरेचा. थर्स्टनचं उजवं मनगट अजून दुखतं. उद्या टांकसाळीचा मुकादम त्याचा हात पाहणार.

एवढं लिहून इसोल्डाने लेखणी पुसली. लिहिणं तिला लहानपणी मठातल्या भगिनींनी शिकवलं होतं. नवरा गेल्यापासून ती इंग्लंडातल्या ‘बरी’ नावाच्या गावात धाकट्या भावाकडे, थर्स्टनकडे, राहत होती.

थर्स्टन तीस वर्षं ठशावर घण मारत आला होता. एका घावात चांदीची एक पेनी. डावा कान त्यापायी गेला. बाजारात कुणाच्याही हातातली पेनी घेऊन उलटसुलट पाहायची त्याला खोड होती. यंदा राजाने नवी नाणी काढली. कडेची चांदी कातरून चोरणारे सापडावेत म्हणून त्यांवरचा क्रूस थेट काठापर्यंत नेलेला. काम दुप्पट झालं आणि मनगटाने दगा दिला. सात आठवडे तो घरी बसून होता. उद्या घण उचलला नाही, तर जागा दुसऱ्याची.

दुपारी त्याचा डोळा लागला, तेव्हा इसोल्डाने रीतीप्रमाणे एक पेनी त्याच्या मनगटावर धरून वाकवली. हात बरा झाला की ही तुझ्या समाधीवर वाहीन, असा नवस गावच्या संत एडमंडला बोलली. मग पेनी त्याच्या उशाशी ठेवून प्रार्थनेला गेली.

परत येऊन पाहते, तर पेनी सपाट.

"ही कुणी सरळ केली?"

"मी. वाकडं नाणं मला बघवत नाही, ताई."

"अरे, नवसाची होती ती."

"मला काय ठाऊक? वाटलं, कुणीतरी खोटी समजून चावून पाहिली."

"रविवारी काम केलंस, वर संताचा नवस मोडलास. कशाने ठोकलीस?"

"कुंपणाचे खुंट ठोकायच्या लाकडी घणाने. लोखंडी घेतला असता तर नाण्यावरचं राजाचं तोंड पुसलं असतं."

तो घण इसोल्डाला दोन्ही हातांनी हलत नसे. ती खाली बसली.

"कुठल्या हाताने?"

थर्स्टनने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ वळली, उघडली.

"ठणकतंय," तो सावकाश म्हणाला. "पण उचलला खरा. एकाच घावात झाली."

"मग आता तूच वाकव. उद्या कामावर जाताना समाधीवर ठेव."

त्याने अंगठ्याने पेनी दुमडली. "संत रागावला असेल का गं?"

"रागावला असता तर घण पायावर पडला असता."

संध्याकाळी तिने सकाळच्या नोंदीखाली, मनगटाचं नाव न काढता, लिहिलं: वाटाणे भिजत घातले. पीठ बुधवारपर्यंत पुरेल.