कडी उचलली म्हणून

कानडी मुलखातल्या एका शहरात, नगरतपेटेतल्या अरुंद बोळात रघुजी शिंप्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. एका खोलीत थोरला भाऊ मल्हारराव आणि त्याची बायको अहल्या, दुसरीत रघुजी आणि वसुमती. वसुमतीला मूलबाळ झालं नाही. लग्नात तिच्या बापाने तिला हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन दिलं होतं. बापही शिंपीच, त्यामुळे लेकीला काय उपयोगी पडेल हे त्याला कळत होतं. दोघे भाऊ पुढे पुरुषांचे सदरे शिवत, वसुमती मागच्या खोलीत बसून पेठेतल्या बायकांची पोलकी. तिच्या पोलक्याची बाही कधी ओढत नाही, असं समोरची राजलक्ष्मीअक्का सगळ्यांना सांगायची.

अठ्ठावन्न साली रघुजीला कावीळ झाली आणि पंधरवड्यात तो गेला. त्यानंतर अहल्येच्या बोलण्यात रोज एक काटा येऊ लागला. भाताची वाढ कमी झाली. सणाला वसुमतीने पुढे यायचं नाही असं ठरलं. तिने सगळं सोसलं, कारण मशीन होतं आणि हाताला काम होतं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात यशवंतपूरला राहणारी तिची बहीण बाळंत झाली, म्हणून ती महिनाभर तिकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या खोलीत कापडाचे गठ्ठे रचलेले होते. मल्हाररावाने तिला उंबऱ्यातच थांबवलं.

"आता तू बहिणीकडेच राहा वसुमती. इथे जागा नाही."

"सरी, राहते तिकडे भावोजी. माझं मशीन तेवढं द्या."

"मशीन दुकानाचं आहे."

"माझ्या बाबांनी दिलंय. तुम्ही मांडवात होता की."

मल्हाररावाने दार लावून घेतलं.

तिने दोन वेळा माणसं मध्ये घालून पाहिली. जातीतले दोघे वडीलधारे आले, कॉफी पिऊन, मान हलवून गेले. शेवटी तिला कळलं, की मल्हारराव बायकोसह तुमकूरला लग्नाला जाणार आहे. त्या दिवशी भर दुपारी ती बोळात शिरली. मागच्या दाराला आतून कडी होती. दोन फळ्यांच्या फटीतून पट्टी घातली की ती उचलली जाते, हे घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. रघुजी दुकानात गुंतला असला की वसुमती कितीदा तशीच आत आली होती. तिने कडी उचलली. मशीन जुन्या लुगड्यात बांधलं आणि कडेवर घेतलं. राजलक्ष्मीअक्का ओट्यावर शेंगा सोलत होती. वसुमती तिला म्हणाली, "माझं मशीन नेते हो अक्का." राजलक्ष्मी म्हणाली, "बरं केलंस."

तिसऱ्या दिवशी यशवंतपूरला पोलीस आले. तोवर तिने बहिणीच्या शेजारणीची दोन पोलकी शिवून दिली होती, तिसरं बेतलं होतं. पोलिसांनी मशीन उचललं आणि तिलाही बरोबर घेतलं. चौकीत अहल्या बसलेली होती. वसुमतीला पाहताच ती कानडीत ओरडली, "मनेमुरुकी!" घरं फोडणारी, माणसांत फूट पाडणारी. जमादार तक्रार सांगत होता, त्यात मात्र तोच शब्द दुसऱ्या अर्थाने होता. घरफोडी.

"मी काहीच फोडलं नाही," वसुमती म्हणाली. "दार आहे तसंच आहे. जाऊन बघा."

जमादाराने पाहिलंही नाही.

बहिणीच्या नवऱ्याने सुब्बाराव नावाचे वकील गाठून दिले. भला माणूस, पण शब्दांचा फार शौकीन. कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली उभे राहून ते तिला समजावू लागले.

"अम्मा, पूर्वी भिंती मातीच्या असत. चोर कुलपाला हात लावत नसे, भिंतीला भोक पाडून आत यायचा. आम्ही कानडीत त्याला कन्ना म्हणतो. तुमचा घरफोडी शब्दही तसाच. इंग्रजीत बर्गलरी. बुर्ग म्हणजे कोट, तटबंदी, त्यावरून तो आला असं काही पंडित म्हणतात. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ती रात्रीच व्हायची. दिवसा केली तर तिला तो शब्द लागत नसे."

वसुमतीच्या चेहऱ्यावर स्वल्प आशा आली. "मी तर दुपारी गेले होते."

"तो तिकडचा शब्द. आपल्या कायद्यात दिवसाही होते. आणि भिंत फोडायला नको. बंद केलेलं दार उघडून चोरीसाठी आत गेलं, की घर फोडलं असंच धरतात. नुसती कडी उचलली तरी."

"चोरीसाठी ना? वस्तू माझी होती."

"ते सिद्ध करायला साक्षीदार हवा, बहिणीसारखा नात्यातला नको."

राजलक्ष्मी तिच्या लग्नाला आलेली होती, म्हणून वसुमती त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेली. राजलक्ष्मीने दार अर्धंच उघडलं. "आमच्या घरचे नको म्हणतात ग," ती खाली बघत म्हणाली. "रोज मल्हाररावांचं तोंड बघायचं असतं आम्हाला." वसुमतीचा बाप केव्हाच वारला होता, आणि त्या मांडवात जेवलेल्यांपैकी दुसरं कुणीही बोलायला तयार झालं नाही.

तेव्हा सुब्बारावांनी सुचवलं, "कबूल करून टाका. पहिलाच गुन्हा, बाईमाणूस. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील. लढायला गेलात तर वर्षं जातील, आणि हरलात तर तुरुंग."

"कबूल केलं की घरी जाता येईल?"

"त्याच दिवशी."

मॅजिस्ट्रेटने कानडीत विचारलं, दार उघडलं का? तिने हो म्हटलं. मशीन नेलं का? हो. गुन्हा कबूल आहे? तिने सुब्बारावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "हो," ती म्हणाली. तिला सोडलं, अगदी वकील म्हणाले होते तसंच. आणि मशीन मल्हाररावाला परत द्यावं असा हुकूम झाला.

"ते माझं आहे!" वसुमती ओरडली. शिपायाने तिला गप्प केलं.

बाहेर आल्यावर सुब्बाराव ओशाळून म्हणाले, "चोरी कबूल केली, म्हणजे वस्तू त्यांची हेही कबूल झालं, अम्मा. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मल्हाररावाने मशीन रिक्षात ठेवलं आणि तो शेजारी बसून गेला. पुढे ते त्याने विकलं, असं तिच्या कानावर आलं. त्या घरात ते चालवणारं कुणी नव्हतंच.

यशवंतपुरात बातमी तिच्या आधी पोचली होती. हाताने शिवून देईन म्हणत मापं घ्यायला गेली की बायका तिला पडवीतच उभी करीत. मग "सध्या काही शिवायचं नाही" म्हणू लागल्या. बहिणीच्या सासूने पेटीला कुलूप लावलं. तो खटका कानावर पडला, त्याच आठवड्यात वसुमती तिथून निघाली. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ पत्र्याची एक खोली मिळाली आणि धक्क्यावर फाटकी पोती शिवायचं काम. जाड दाभणाने बोटं सोलून निघत. दोन-तीन वर्षांत तिला बारीक सुईत दोरा ओवता येईना.

हेही एक वेळ चाललं असतं. पण आसपास कुठे घर फुटलं की पोलीस तिच्याकडे येत. पहिल्यांदा ती रडली, भांडली, आपली हकीकत पहिल्यापासून सांगत बसली. दुसऱ्यांदा तिने थोडक्यात सांगितली. एका जमादाराने शांतपणे विचारलं, "तुझं होतं, तर कबूल का केलंस?" याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते सांगताना तिला स्वतःलाच खोटं वाटू लागलं. मग तिने सांगणंच सोडलं.

सदुसष्टच्या पावसाळ्यात मालधक्क्यामागच्या एका व्यापाऱ्याच्या घराची खिडकी उचकटून भांडी गेली. सकाळी पोलीस धक्क्यावर आला. बाकीच्या बायकांनी हात थांबवले. त्याने नुसतं "बा अम्मा" म्हणत चलायची खूण केली. वसुमतीने विचारलं नाही कुठे, कशासाठी. अर्धं शिवलेलं पोतं तिने बाजूच्या बाईकडे सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्या पुढे चालू लागली, कारण चौकीची वाट आता तिला दाखवावी लागत नव्हती. मुकादमाने तिच्या जागी दुसरी बाई बसवली.